क्वार्ट्झचा ओटा आणि डागांची जातकुळी

स्वयंपाकघरातील ओटा हा घरातील सर्वांत अधिक राबणारा दगड होय. दिवाणखान्यातील फरशी किंवा दारापुढील पायरी यांच्या वाट्याला येणारे काम त्या मानाने किरकोळच; ओट्यावर मात्र दिवसातून दोनदा तरी तेल, तिखट, आंबट, उष्णता आणि पाणी या सर्वांची एकाच वेळी स्वारी येते, आणि तरीही रात्री झाकपाक झाल्यावर तो सकाळइतकाच स्वच्छ दिसावा अशी घरातील प्रत्येकाची अपेक्षा असते. अलीकडे आपल्या शहरांतील मध्यमवर्गीय घरांतून या ओट्यावर क्वार्ट्झ नावाचा पांढराशुभ्र कृत्रिम दगड येऊ लागला आहे. विकणारा त्यावर डाग पडत नाही अशी हमी देतो, घेणारा ती हमी अक्षरशः खरी मानतो, आणि पहिल्याच सणाच्या स्वयंपाकात हळदीचा पिवळा ठसा उमटला की एक तर आपण फसलो असे समजून हताश होतो, किंवा तारेची घासणी, ॲसिड आणि ब्लीच घेऊन त्या ठशावर तुटून पडतो. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट अधिक घातक. कारण डाग आपण होऊन ओट्याचे कायमचे नुकसान क्वचितच करतो, ते बहुधा डाग घालवणाऱ्या हाताकडून होते. डाग कोणत्या द्रव्याचा आहे आणि ओट्यातील कोणत्या घटकाने त्याला आसरा दिला आहे, या दोन गोष्टींची तहकीकात आधी केली, तर त्यावरील इलाज घरातल्या चार साध्या वस्तूंत सापडतो, असे माझे निश्चित मत आहे आणि तेच येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

या विवेचनासाठी लखनौच्या चारबाग भागातील स्वयंपाकघर मी मुद्दाम डोळ्यांपुढे ठेवतो. १९१४ साली ज्याची पायाभरणी झाली ते लाल-पांढऱ्या घुमटांचे रेल्वे स्थानक, त्याच्या शेजारचे पूर्वोत्तर रेल्वेचे स्थानक आणि भोवतालच्या दाट वस्त्या यांनी हा भाग गजबजलेला असून, लखनौ हे शहर मराठी माणसाला परके नाही. डिसेंबर १९१६ मधील राष्ट्रीय सभेच्या ज्या अधिवेशनाने लोकमान्य टिळकांचे सभेतील पुनरागमन देशाला दाखवले ते येथेच भरले, आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली संगीताचे जे महाविद्यालय उभे राहिले तेही याच शहरात. रेल्वेच्या, लष्कराच्या आणि सरकारी दफ्तरांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येऊन राहिली. त्यांच्या ओट्यावर गोडा मसाला आणि राईचे तेल, आमटी आणि जर्दा (गोड केशरी भात) हे शेजारी शेजारी नांदतात. डागांचा अभ्यास करणाऱ्याला याहून समृद्ध क्षेत्र मिळणे कठीण.

लखनौ निवडण्याचे दुसरे कारण भूमीचे आहे. आपल्याकडे सह्याद्रीच्या कुशीत दगडाला तोटा नाही. पाटा-वरवंट्यापासून घाटाच्या पायऱ्यांपर्यंत सारे काही त्या काळ्या बेसॉल्टातून घडत आले. लखनौ मात्र गंगेच्या मैदानातील गाळावर वसलेले आहे, आणि त्या गाळात खोल खणले तरी दगडाची खाण लागत नाही. १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौला याने लोकांना काम मिळावे म्हणून ज्या बड्या इमामबाड्याचे बांधकाम आरंभले, तोसुद्धा पातळ लखौरी विटा आणि चुना यांतच उभा राहिला. दगड येथे नेहमी बाहेरूनच आला: चुनारचा वालुकाश्म, मकराण्याचा संगमरवर, राजस्थानातील कोटा फरशी, दक्षिणेतील ग्रॅनाइट, आणि आता कारखान्यातून निघालेली क्वार्ट्झची लादी. परंतु या गाळाने लखनौला दगड दिला नाही तरी चुनखडी दिली. मातीत जागोजाग सापडणारे कंकर हे चुनखडीचेच गोळे होत, आणि भूगर्भातील पाणी त्यांच्यामधून झिरपत येत असल्यामुळे ते जड होते. ओट्यावरील निम्म्या तक्रारींचे मूळ या पाण्यात आहे, हे पुढे दिसेल.

प्रथम दगडांची प्रतवारी केली पाहिजे, कारण शेजारणीने सांगितलेला उपाय तिच्या ओट्याला लागू पडला म्हणून आपल्याही ओट्याला लागू पडेलच असे नाही. महाराष्ट्रातील जुन्या घरांतील काळा कडप्पा, हिरवट कोटा, शहाबादी फरशी आणि संगमरवर हे दिसण्यात कितीही भिन्न असले तरी रसायनदृष्ट्या एकाच गोत्राचे; कॅल्शियम कार्बोनेट हे त्यांचे मुख्य द्रव्य असल्यामुळे लिंबाचा रस, चिंचेचे पाणी किंवा ताक त्यांच्यावर सांडले की आम्लाची क्रिया होऊन चकाकी उडते. ग्रॅनाइट हा क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक यांच्या स्फटिकांचा बनलेला असून आम्लाला दाद देत नाही. मात्र स्फटिकांच्या सांध्यांतून तेल आत शिरते आणि म्हणून त्याला वेळोवेळी बंदिस्त करणारा लेप द्यावा लागतो. क्वार्ट्झच्या ओट्याला असा लेप लागत नाही, लिंबाने तो तडकाफडकी खराब होत नाही, आणि पाणी त्यात जवळपास शिरतच नाही. या तीन गुणांमुळेच त्याची इतकी मागणी आहे, आणि त्या तिन्ही गुणांची हद्द कोठे संपते हे कळण्यासाठी त्याची घडण समजून घेतली पाहिजे.

क्वार्ट्झ म्हणजे सिलिका, अर्थात सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. नद्यांच्या वाळूतील चमकणारे कण बहुतांशी याच खनिजाचे असतात. परंतु ओट्याची लादी खाणीतून अखंड निघत नाही. इटलीतील कास्तेलफ्रांको व्हेनेतो येथे मार्चेल्लो तोन्चेल्ली यांनी १९६३ साली स्थापन केलेल्या ब्रेटन या कंपनीने विकसित केलेल्या पद्धतीनुसार, दळलेला क्वार्ट्झ, रंगद्रव्ये आणि पॉलिएस्टर जातीची कृत्रिम राळ यांचे मिश्रण साच्यात पसरून, निर्वात अवस्थेत कंप देत ते दाबतात, नंतर उष्णतेने राळ घट्ट करतात आणि मग लादीला घासून चकाकी आणतात. रव्याच्या लाडवात रवा जसा पाकामुळे एकत्र राहतो, तसे हे क्वार्ट्झचे कण राळेमुळे एकत्र राहिलेले असतात. वजनाने पाहता क्वार्ट्झ शेकडा ९० ते ९३ आणि राळ ७ ते १० भरते, आणि जाहिरातीत हाच आकडा अभिमानाने छापलेला असतो. परंतु राळ क्वार्ट्झच्या मानाने निम्म्याहूनही हलकी असल्यामुळे, वजनाऐवजी आकारमान मोजले तर तीच राळ लादीच्या सुमारे सातव्या ते पाचव्या हिश्श्याइतकी जागा व्यापते. म्हणजे ज्या पृष्ठभागाला आपण दगड समजून घासतो, त्यातील बराच मोठा भाग दगडाचा नसून प्लॅस्टिकच्या जातीचा असतो.

या एका हिशेबात क्वार्ट्झच्या ओट्याचे सारे गुणदोष साठवलेले आहेत. खनिजांच्या काठिण्याच्या दहा पायऱ्यांत क्वार्ट्झ सातव्या पायरीवर आहे. सुरीचे पोलाद त्याच्या खाली, आणि संगमरवरातील कॅल्साइट तर थेट तिसऱ्या पायरीवर. शिवाय क्वार्ट्झच्या कणावर स्वयंपाकघरातील कोणत्याही द्रव्याचा अंमल चालत नाही. ना हळदीचा, ना चिंचेचा, ना तेलाचा. राळ मात्र मऊ आहे, उष्णतेने बिघडते, तीव्र अल्कांनी विघटित होते, काही द्रावकांनी फुगते, आणि काही सेंद्रिय रंग तिला आपलेसे वाटतात. ओट्याला इजा झाली असे आपण म्हणतो तेव्हा ती जवळजवळ नेहमी राळेला झालेली असते. म्हणून डाग काढताना हात दगडाच्या बळावर नव्हे, राळेच्या नाजूकपणावर बेतून चालवावा, हा सर्व उपचारांचा पाया होय.

नित्याची निगा अगदी साधी आहे. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे थोडे थेंब टाकून मऊ फडक्याने ओटा पुसावा, मग स्वच्छ पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने साबणाचा अंश काढावा, आणि शेवटी कोरड्या फडक्याने पाणी टिपून घ्यावे. यांतील तिसरी पायरी घाईत सर्रास वगळली जाते, आणि लखनौसारख्या जड पाण्याच्या गावी तीच सर्वांत महत्त्वाची असते. पाणी वाळले की त्यात विरघळलेला चुना ओट्यावरच राहतो. शिवाय वडीचा साबण वापरला तर त्यातील मेदाम्ले पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारी पांढरी साय तयार करतात. काही महिन्यांत काळ्या किंवा गडद लादीवर धुरकट पडदा आल्यासारखा दिसतो आणि चकाकी उडाली अशी समजूत होते. चकाकी शाबूत असते. ती केवळ झाकली गेलेली असते. त्यावर चकाकीचे मेण किंवा पॉलिश लावणे म्हणजे एका पडद्यावर दुसरा पडदा घालणे होय, कारण तो थर दगडात मुरत नाही आणि वर येणारी धूळ व तेल धरून ठेवतो.

असा चुन्याचा थर साचलाच, तर नळाच्या बुडाशी आणि मोरीच्या कडेला तो पांढऱ्या खरखरीत कड्याच्या रूपाने दिसतो. येथे आम्लाचा उपयोग रास्त आहे. समभाग पाणी मिसळलेले व्हिनेगर, किंवा लखनौच्या बाजारातील साधा पांढरा सिरका, फडक्यावर घेऊन ते फडके त्या कड्यावर पाच-दहा मिनिटे अंथरावे. कॅल्शियम कार्बोनेट विरघळू लागले की प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने ते सहज सुटते, आणि मग भरपूर पाण्याने जागा धुऊन कोरडी करावी. हाच उपाय कडप्प्यावर किंवा कोट्यावर केला तर डागाबरोबर ओटाही विरघळू लागेल, कारण तेथे डाग आणि दगड एकाच द्रव्याचे. क्वार्ट्झवर तो चालतो याचे कारण आम्लाचे शत्रुत्व चुन्याशी आहे, सिलिकेशी नाही. तथापि आम्ल रात्रभर ठेवू नये, आणि फरशी धुण्याकरिता विकले जाणारे हायड्रोक्लोरिक ॲसिड तर ओट्याजवळही आणू नये. लादीतील रंगद्रव्ये आणि मोरीचे पोलाद या दोहोंनाही ते घातक आहे.

आता डागांच्या जाती पाहू, आणि त्यात मानाचे स्थान हळदीला द्यावे लागेल. हळदीतील पिवळे द्रव्य १८१५ साली फोगेल आणि पेल्तिए या दोन शास्त्रज्ञांनी वेगळे केले. त्याला कुर्कुमिन म्हणतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलात विरघळते. फोडणीत हळद तेलाबरोबरच पडते, आणि ते तेल ओट्यावर सांडून तास-दोन तास राहिले की कुर्कुमिन राळेच्या पृष्ठभागाशी लागते. मग पाण्याने पुसणे व्यर्थ ठरते, कारण ज्यात ते विरघळतच नाही त्यात ते वाहून कसे जाणार? याउलट जर्द्यात किंवा शीरमालीत पडणाऱ्या केशराचा रंग मुख्यतः क्रोसिन नावाच्या द्रव्याचा असून ते पाण्यात उत्तम विरघळते. म्हणून केशराचे दूध सांडले तर ओल्या फडक्याने ते निघून जाते. दोन्ही डाग पिवळे, दोन्ही एकाच ओट्यावर. परंतु एक पाण्याला वश आणि दुसरा पाण्याला पूर्ण परका. रंगावरून डागाची जात ठरवू नये, हे येथे स्पष्ट होते.

हळदीचा डाग काढताना आणखी एक प्रकार घडतो, त्याची माहिती नसल्यास माणूस घाबरतो. पिवळ्या ठशावर साबणाचे पाणी किंवा सोडा पडताच तो क्षणार्धात तांबूस होतो. डाग वाढला, ओटा जळाला, असे वाटून लोक अधिक जोराने घासू लागतात. वस्तुतः तेथे नवे काही घडलेले नसते. कुर्कुमिन अल्काच्या संगतीत लाल होते आणि आम्लाच्या संगतीत पुन्हा पिवळे होते. ज्या क्रियेने आपल्या घरोघरीचे परंपरागत कुंकू हळदीला चुन्यासारख्या अल्काची जोड देऊन तयार होत आले, तीच क्रिया येथे ओट्यावर दिसते. लाल झालेल्या जागी लिंबाच्या फोडीचा एक थेंब टाकला की पिवळेपण परत येते, आणि ते पाहिले की भीती राहत नाही.

उपचार असा करावा. प्रथम तेल काढावे: भांड्यांच्या द्रवाचे कोमट पाणी दोन-तीन मिनिटे डागावर ठेवून टिपून घ्यावे. मग पांढऱ्या सुती फडक्याचा कोपरा आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवून, डागाच्या कडेकडून मध्याकडे असे हळूहळू टिपत जावे. फडक्यावर पिवळा रंग उतरताना स्पष्ट दिसतो, आणि दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घ्यावी, अन्यथा काढलेलाच रंग पुन्हा पसरतो. या वेळी गॅस पूर्ण बंद असावा आणि खिडकी उघडी असावी, कारण अल्कोहोलाची वाफ सहज पेट घेते. एवढ्याने फिकट छटा उरली, तर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या शेकडा ३ शक्तीच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये खाण्याचा सोडा कालवून दाट लेप करावा, तो डागावर अर्धा तास ठेवावा, आणि मग पुसून धुवावे. पेरॉक्साइड रंगाच्या रेणूचाच भंग करते. गडद रंगाच्या लादीवर हा प्रयोग आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावा. आणि घाई नसेल तर सूर्याची मदत घ्यावी; हळदीचे डाग पडलेले पांढरे कपडे उन्हात घातल्यावर जसे उजळतात त्याच न्यायाने खिडकीजवळच्या ओट्यावरील छटाही काही दिवसांच्या उन्हाने विरते, कारण कुर्कुमिन प्रकाशात टिकत नाही. मात्र वर्षानुवर्षे कडक ऊन खाणारी राळ स्वतःच पिवळी पडते, म्हणून क्वार्ट्झची लादी उघड्या गच्चीवर बसवणे शहाणपणाचे नव्हे.

लखनौजवळचे मलिहाबाद दशहरी आंब्यांसाठी प्रख्यात आहे, आणि उन्हाळ्यात कैरीचे लोणचे घालण्याचा दिवस हा ओट्याच्या कसोटीचा दिवस असतो. त्या दिवशी तीन निरनिराळ्या जातींचे डाग एकाच जागी पडतात. कैरीतील टॅनिन लोखंडी विळीच्या पात्याशी संयोग पावून काळसर रंग तयार करते. जुनी शाई ज्या तत्त्वावर बनत असे तेच हे तत्त्व. या काळ्या डागावर साबण चालत नाही, लोखंडाला सोडवणारे सौम्य आम्ल चालते, म्हणून त्याच दिवशी लिंबाची फोड चोळून पाच मिनिटांनी धुतल्यास तो जातो. दुसरा डाग हळदीचा, त्याचे वर्णन झालेच. तिसरा राईच्या तेलाचा. हे तेल हवेत आणि विशेषतः उष्णतेत पसरले की त्याचे रेणू परस्परांना जोडले जाऊन चिवट, पिवळसर, हाताला चिकटणारा थर होतो. गॅसच्या शेगडीभोवती आणि मागच्या भिंतीवर तो हमखास आढळतो. नुसते पुसून तो हटत नाही, कारण ते आता तेल राहिलेले नसते. गरम साबणपाण्यात भिजवलेले फडके त्यावर पंधरा-वीस मिनिटे घालून ठेवावे, थर मऊ झाला की प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलावा, आणि उरलेला अंश अल्कोहोलाने पुसावा. येथे बळापेक्षा मुदत अधिक काम करते, हा अनुभव ज्याला येतो तो तारेची घासणी पुन्हा हाती घेत नाही.

पानाचा डाग लखनौत वगळून चालणार नाही. कातातील टॅनिने चुन्याच्या अल्काबरोबर आणि हवेतील ऑक्सिजनबरोबर तांबूस रंग तयार करतात, आणि पानदान ओट्यावर उघडे ठेवण्याची सवय असलेल्या घरांत हे तांबडे ठिपके वरचेवर पडतात. चहाचा डागही टॅनिनचाच, मात्र सौम्य. दोन्हींवर पेरॉक्साइड आणि सोडा यांचा लेप उत्तम काम करतो. आधी कोमट पाण्याने भिजवून चुन्याचा अंश काढून घेतला तर अधिक लवकर. पानाचा ओला चुना मात्र ओट्यावर साचू देऊ नये. तो तीव्र अल्क असल्यामुळे बराच काळ राहिला तर राळेशीच त्याची गाठ पडते.

काही खुणा डागासारख्या दिसतात पण डाग नसतात. पांढऱ्या लादीवर स्टीलचे पातेले सरकवले की करडी रेघ उमटते आणि ओट्यावर ओरखडा गेला असे वाटते. बोट फिरवून पाहावे. रेघ बोटाला खोल लागत नसेल तर झीज दगडाची झालेली नसून पातेल्याची झालेली आहे, आणि कठीण क्वार्ट्झवर घासला गेलेला धातूचा अंश तेवढा मागे राहिला आहे. चुनखडीची अतिसूक्ष्म पूड असलेला मलईसारखा घासण्याचा द्रव ओल्या फडक्यावर घेऊन हलके चोळले की ती रेघ जाते. ती पूड क्वार्ट्झहून पुष्कळ मऊ असल्यामुळे हलक्या हाताने वापरल्यास लादीला अपाय होत नाही. ओला लोखंडी तवा रात्रभर ठेवल्याने पडणारे गंजाचे वर्तुळही लिंबाच्या रसाने निघते.

याच्या उलट, काही खुणा खरोखरीच इजेच्या असतात, आणि त्यांच्यावर सफाईचा कोणताही उपाय चालत नाही. तळणीची कढई सुमारे १८० अंश सेल्सियसपर्यंत तापलेली असते आणि भाकरीचा तवा त्याहूनही अधिक. क्वार्ट्झच्या ओट्याची राळ साधारणतः १५० अंशांपलीकडे बिघडू लागते, शिवाय तापल्यावर राळ क्वार्ट्झपेक्षा कित्येक पटींनी अधिक प्रसरण पावत असल्यामुळे लादीला तडा जाण्याचाही संभव असतो. म्हणून तापलेले भांडे थेट ठेवू नये, त्याखाली लाकडी पाट किंवा अडणी असावी. मोरी तुंबल्यावर टाकली जाणारी कॉस्टिक सोड्याची पूड ओट्यावर सांडली तर राळेचे विघटन होऊन तेथे पांढुरका, निस्तेज पट्टा पडतो. अशी पूड सांडताच आधी कोरड्या कागदाने उचलावी आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. रंग काढण्याची द्रावणे आणि ब्लीच यांचा दीर्घ सहवासही तितकाच वाईट. आणि येथे एक ताकीद जिवाशी संबंधित असल्यामुळे स्पष्ट शब्दांत देतो: ब्लीचमध्ये सिरका, लिंबू किंवा कोणतेही ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू विषारी असतो आणि बंद स्वयंपाकघरात तो प्राणघातक ठरू शकतो. दोन औषधे मिळून दुप्पट गुण येतो ही समजूत सफाईच्या कामात सर्वथा त्याज्य आहे.

निस्तेज झालेला किंवा जळालेला भाग पुन्हा चकचकीत करावयाचा असेल, तर लादी यंत्राने घासावी लागते, आणि येथे प्रश्न सौंदर्याचा राहत नाही. क्वार्ट्झच्या लादीत शेकडा नव्वदांच्या आसपास स्फटिकी सिलिका असते, संगमरवरात ती अगदी अल्प असते. आणि लादी कोरडी कापताना किंवा घासताना सिलिकेची जी सूक्ष्म धूळ उडते ती श्वासावाटे फुफ्फुसांच्या तळाशी जाऊन बसते व सिलिकोसिस हा असाध्य रोग उत्पन्न करते. जगभर अशा लाद्या कापणारे अनेक कामगार तरुण वयात या रोगाला बळी पडले, आणि त्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडाचे उत्पादन, पुरवठा आणि वापर यांवर बंदी घातली. घरात बसवलेल्या, शाबूत ओट्यापासून स्वयंपाक करणाऱ्याला कसलाही धोका नाही. धोका आहे तो लादी कापणाऱ्याला आणि घासणाऱ्याला. आपल्या देशात मोरीसाठी भोक पाडणे, कड गोल करणे ही कामे बहुधा घरातच, हातयंत्राने आणि कोरडीच उरकली जातात, आणि कारागिराच्या तोंडावर फार तर एखादा रुमाल असतो. पाण्याची धार सोडून कापल्यास धुळीचा मोठा भाग जागीच बसतो, आणि त्याच्या जोडीला नाकातोंडावर घट्ट बसणारा चांगला मास्क हवाच. रुमालाने ही धूळ अडत नाही. ओटा बसवून घेणाऱ्याने या दोन्ही गोष्टींचा आग्रह धरावा, त्यासाठी लागणारी अधिक मजुरी आनंदाने द्यावी, आणि शक्य तो कापण्याचे काम कारखान्यात, पाण्याखाली करवून मगच लादी घरी आणावी.

सारांश, ओट्यावर खूण दिसली की पहिला प्रश्न विचारावा तो हा, की येथे काही येऊन बसले आहे की येथून काही गेले आहे. येऊन बसलेले असेल तर ते कशात विरघळते याचा विचार करावा: तेलाला साबण, हळदीला अल्कोहोल, चुन्याला आणि लोखंडाला सौम्य आम्ल, टॅनिनाला पेरॉक्साइड, आणि प्रत्येकाला त्याची मुदत द्यावी. येथून काही गेलेले असेल, म्हणजे राळच बिघडली असेल, तर घासणे थांबवावे, कारण प्रत्येक घासणीने ती अधिकच जाईल. अशी एखादी निस्तेज जागा ओट्यावर राहिली म्हणून स्वयंपाकाची चव उणी होत नाही आणि कोणाच्या प्रकृतीला बाध येत नाही. ती घालवण्यासाठी कोरड्या यंत्राने लादी घासून घेण्यापेक्षा ती तशीच राहू द्यावी. कारण त्या धुळीची किंमत आपला ओटा देत नाही, ती यंत्र धरणाऱ्या माणसाची छाती देते.